मुलाखतीतून हाती काय लागलं?

२७ जानेवारी २०१४ च्या रात्री अर्णब गोस्वामी यांनी टाइम्स नाऊ वाहिनीसाठी घेतलेली राहुल गांधींची मुलाखत प्रसारित झाली. जवळजवळ दहा वर्षं खासदार आणि वर्षभर पक्षाचा उपाध्यक्ष असलेल्या नेत्याची ही पहिलीच दीर्घ टीव्ही मुलाखत, तीही लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना. ती संपायच्या आतच निकाल लागला होता. 'सिस्टिम' हा शब्द किती वेळा आला, महिला सक्षमीकरण कोणत्या प्रश्नावर कुठून उगवलं, याची मोजदाद सुरू झाली. रातोरात मीम फिरले. दुसऱ्या दिवशी जो तो एकच सांगत होता: राहुल नापास.

नापास हे मलाही मान्य आहे. नरेंद्र मोदींशी थेट सामना करायला तुम्ही घाबरता का, या साध्या प्रश्नाला त्यांनी जे लांबलचक वळण दिलं ते पाहून त्यांच्या पक्षातल्या लोकांनीही कपाळाला हात लावला असेल. पण त्या मुलाखतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग मीममध्ये आलाच नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्यावर ते म्हणाले की काही काँग्रेसजन बहुधा त्यात सामील होते. त्याच ओघात त्यांनी असाही दावा केला की १९८४ चं सरकार दंगल थांबवू पाहत होतं, तर २००२ चं गुजरात सरकार ती भडकवत होतं. माफी मागणार का, यावर उत्तर असं की तेव्हा मी पक्षाच्या कारभारात नव्हतो. आता हे लक्षात घ्या की त्यांच्याच पक्षाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००५ मध्ये संसदेत शरमेने मान खाली घालून या हिंसाचाराबद्दल माफी मागितली होती. म्हणजे पक्षाचा उपाध्यक्ष आपल्याच पंतप्रधानांच्या भूमिकेपासून मागे सरकला होता. तीन दिवसांत शीख निदर्शक दिल्लीत काँग्रेसच्या मुख्यालयाबाहेर उभे होते. सामील असलेल्यांची नावं सांगा, ही त्यांची मागणी.

त्या निदर्शकांनी मुलाखत आपल्यापेक्षा नीट पाहिली होती असं माझं म्हणणं आहे. नेता किती सफाईने बोलला याला त्यांनी महत्त्व दिलं नाही. त्याने कोणतं वाक्य उच्चारलं आणि ते आता त्याच्याकडून कसं वसूल करायचं, एवढंच त्यांनी पाहिलं. टीव्हीवरच्या राजकीय मुलाखतीला मोजायचं माप मला हेच वाटतं. मुलाखत संपल्यावर आपल्या हातात असं काय उरलं, ज्याला धरून त्या नेत्याला उद्या, पुढच्या वर्षी, सत्तेत आल्यावर जाब विचारता येईल? पोलिसांपुढच्या जबानीत साक्षीदार अडखळला की नाही याला थोडी किंमत असते, पण कागदावर काय उतरलं याला खरी.

हे माप लावलं की गाजलेल्या मुलाखतींचे निकाल उलटेपालटे होऊ लागतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं उदाहरण घ्या. वॉटरगेटच्या हेरगिरी प्रकरणापायी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, महिन्याभरात नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली, आणि कोर्टात उभं राहून उत्तरं देण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. १९७७ मध्ये ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं, त्यासाठी सहा लाख डॉलर आणि नफ्यातला वाटा मोजला. पैसे घेऊन दिलेली मुलाखत म्हणून तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली. चित्रीकरण तासन्‌तास चाललं. निक्सन मुरलेले वकील, बोलण्यात फ्रॉस्टना कितीतरी वेळा भारी पडले. पण त्या साऱ्या तासांतून आज एक वाक्य उरलं आहे, त्याचा आशय असा: राष्ट्राध्यक्षाने एखादी गोष्ट केली, याचाच अर्थ ती बेकायदेशीर नाही. हे बोलताना त्यांची जीभ अडखळली नाही, चेहरा पडला नाही. शाळेत सोपं गणित समजावून सांगावं तशा सुरात ते बोलले. सफाईचे गुण द्यायचे तर या उत्तराला पैकीच्या पैकी पडतील. आणि अध्यक्षपदाबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उघडं पडलं तेही याच उत्तरात.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं तर आणखी बोलकं आहे. २४ मे १९८३, निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे. बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमात प्रेक्षकांचे प्रश्न घ्यायचे होते. भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं की फॉकलंडच्या युद्धात 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बेटांपासून दूर चालली असताना तुम्ही ती का बुडवली? २ मे १९८२ च्या त्या हल्ल्यात ३२३ माणसं मेली होती. थॅचर ठाम होत्या: ती दूर जात नव्हती. बाईंनी सोडलं नाही. नकाशा आणि दिशा यांचा त्यांचा अभ्यास पक्का होता, आणि पंतप्रधानांच्या पदाचं दडपणही त्यांच्यावर नव्हतं. एखाद्या मुरलेल्या पत्रकाराने तिथे विषय बदलला असता. थॅचर पुढे वैतागलेल्या दिसल्या, पण मागे हटल्या नाहीत. ठामपणाचे गुण त्यांना मिळालेच, आणि ९ जूनला त्या प्रचंड बहुमताने निवडूनही आल्या. नौका दूर जात होती, हे नंतर कागदपत्रांनी सिद्ध झालं. ती तरीही धोकादायक होती, युद्धात दिशा क्षणात बदलते, असा युक्तिवाद करता आला असता आणि पुढे तो झालाही. पण त्या संध्याकाळी देशासमोर जे ठाम वाक्य उच्चारलं गेलं ते चुकीचं होतं. मुलाखतीचा निकाल त्याच रात्री लावायची घाई किती महागात पडते ते इथे दिसतं. ज्या वाक्याची पडताळणी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागणार आहे, त्याला दहा मिनिटांत गुण देऊन आपण मोकळे होतो.

मग अडखळण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो प्रश्नावर ठरतो. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसारित झालेल्या मुलाखतीत सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या रॉजर मड यांनी एडवर्ड केनेडी यांना विचारलं, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचं आहे? केनेडी तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या जिमी कार्टर यांना आव्हान द्यायला निघाले होते, मुलाखत दाखवली गेली तेव्हा उमेदवारी जाहीर व्हायला फक्त तीन दिवस उरले होते. या प्रश्नावर ते चाचपडले. देशाची साधनसंपत्ती, शिकलेली माणसं, तंत्रज्ञान, असं काहीबाही बोलत राहिले आणि वाक्य कुठेच पोहोचलं नाही. इथे अडखळणं हेच उत्तर होतं. ज्याला ते पद हवं आहे त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर झोपेतही तयार असायला हवं. ते नव्हतं, म्हणजे निघण्याआधी कारण ठरलेलं नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये केटी कुरिक यांनी सॅरा पेलिन यांना कोणती वर्तमानपत्रं, मासिकं वाचता असं विचारलं आणि त्यांना एकाचंही नाव सांगता आलं नाही. तेही मी याच रांगेत बसवीन, जरी पेलिन यांच्या बाजूने असं म्हणता येईल की प्रश्नातला कुत्सितपणा त्यांना बोचला. उपराष्ट्राध्यक्ष होऊ पाहणाऱ्या माणसाचं जगाबद्दलचं मत कशातून घडतं, हा प्रश्न कामाच्या गाभ्याचा आहे.

याउलट १९९९ मधला प्रसंग. जॉर्ज बुश यांना एका वार्ताहराने चेचन्या, तैवान, भारत आणि पाकिस्तान यांच्या प्रमुखांची नावं विचारली. पाकिस्तानात नुकतंच लष्करी बंड झालं होतं. भारताचे पंतप्रधान वाजपेयी आहेत हे बुशना सांगता आलं नाही आणि आपल्याकडे त्याची पुष्कळ टिंगल झाली. ती परीक्षा पाठांतराची होती. पुढे २००३ मध्ये इराकवर हल्ला करण्याचा जो निर्णय बुश यांनी घेतला तो नावं माहीत नसल्यामुळे चुकला नाही, नावं सांगायला त्यांच्या भोवती माणसांची फौज होती. ज्या प्रश्नाने त्यांची परीक्षा व्हायला हवी होती तो असा: गुप्तचर खात्याची माहिती तुम्हाला हवी तशी येत असेल, तर ती तपासून घ्यायला तुम्ही काय कराल? असला प्रश्न विचारला तर तो बातमीत चालत नाही. प्रश्नमंजूषा चालते.

इथे मुलाखत घेणाऱ्याकडे वळावं लागतं, कारण गुणपत्रिकेवर एकट्या नेत्याचं नाव लिहिणं हा दुसरा अन्याय. उत्तराची अर्धी किंमत प्रश्नात असते. मे १९९७ मध्ये बीबीसीचे जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. गृहमंत्री असताना तुरुंग खात्याच्या प्रमुखाला, तुझा निर्णय मी फिरवीन अशी धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड प्रत्येक वेळी शेजारच्या प्रश्नाचं उत्तर देत राहिले. पत्रकारितेच्या वर्गांत ही मुलाखत धैर्याचा नमुना म्हणून दाखवतात. गंमत अशी की पुढची ध्वनिचित्रफीत तयार नव्हती म्हणून वेळ काढत होतो, असं पॅक्समन यांनीच नंतर सांगून टाकलं. असो. प्रश्न कशासाठी लांबला याला महत्त्व नाही, तो कसा रचला होता याला आहे. हो किंवा नाही एवढंच उत्तर संभवेल, आणि दोन्ही उत्तरं नंतर तपासता येतील, असा तो प्रश्न होता. म्हणून टाळाटाळही नोंदीत आली. हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी महिन्याभराने मतदान झालं त्यात पहिल्या फेरीत हॉवर्ड पाच जणांत शेवटचे आले. त्याला आणखी कारणं होती हे खरं, पण ती मुलाखत त्यांचा पिच्छा पुरवत राहिली.

याच कसोटीवर आपल्याकडची एक प्रसिद्ध मुलाखत पाहू. ऑक्टोबर २००७, गुजरात विधानसभेची निवडणूक जवळ आलेली, सीएनएन-आयबीएनच्या 'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' कार्यक्रमात करण थापर यांच्यासमोर मुख्यमंत्री नरेंद्र मोदी. तीन-चार मिनिटांत मोदींनी पाणी मागितलं, माइक काढला, 'अपनी दोस्ती बनी रहे' म्हणत मुलाखत थांबवली. ती फीत नंतर किती वेळा दाखवली गेली याला गणती नाही. विरोधकांना ते पळून जाणं वाटतं. समर्थकांना उद्धट पत्रकाराला दाखवलेली जागा वाटते. माझ्या लेखी त्या मुलाखतीतून हाती जवळजवळ काहीच लागलं नाही, आणि त्याचा दोष दोघांकडेही जातो. मुख्यमंत्र्याने २००२ वरच्या प्रश्नांना उत्तर देणं हे त्याच्या पदाचं ओझं आहे, ते उतरवून उठून जाता येत नाही. पण थापर यांचा पहिलाच प्रश्न पाहा. लोक तुम्हाला तोंडावर सामूहिक हत्याकांड करणारा म्हणतात, तुमच्या प्रतिमेचा प्रश्न आहे का? हा प्रतिमेबद्दलचा प्रश्न आहे. प्रतिमेबद्दल विचारलं की नेता प्रतिमेबद्दल बोलतो, किंवा उठतो. २७ फेब्रुवारी २००२ च्या रात्रीपासून कोणता आदेश कोणाला, किती वाजता दिला, असं तारीख-वेळेनिशी विचारलं असतं तर तिथून उठणं जास्त अवघड गेलं असतं. उठले असते, तरी कोणत्या प्रश्नावर उठले हे कायमचं नोंदलं गेलं असतं.

तयारीनिशी विचारणं म्हणजे काय हे २०२० च्या ऑगस्टमध्ये दिसलं. अ‍ॅक्सिऑस या अमेरिकी वृत्तसंस्थळाचे जोनाथन स्वान डोनाल्ड ट्रम्प यांच्यासमोर बसले होते. करोनाच्या बळींबाबत अमेरिकेची स्थिती चांगली आहे हे दाखवायला ट्रम्प यांनी आलेखांचे कागद पुढे केले. स्वाननी कागद पाहिला आणि म्हणाले की तुम्ही रुग्णांमागे मृत्यू मोजता आहात, मी लोकसंख्येमागे मृत्यूंबद्दल विचारतो आहे. या एका वाक्यासाठी भागाकार कळावा लागतो आणि समोरच्याच्या कागदावरचं शीर्षक वाचायची सवय असावी लागते. आवाज चढवावा लागत नाही. त्या मुलाखतीतला स्वान यांचा गोंधळलेला चेहरा लोकांना आठवतो, कारण मीम त्याचे झाले. खरं काम त्या भागाकाराने केलं.

मुलाखतकार कडक म्हणजे मुलाखत चांगली, असा आणखी एक समज पसरला आहे. तोही फारसा टिकत नाही. जून २०१६ मध्ये याच अर्णब गोस्वामींनी पंतप्रधान मोदींची मुलाखत घेतली. तिच्या मवाळपणावर भरपूर टीका झाली आणि ती वाजवी होती, उपप्रश्न असे जवळजवळ नव्हतेच. तरीही तिच्यातून एक पक्कं वाक्य बाहेर आलं. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या देशनिष्ठेवर सुब्रमण्यम स्वामी जाहीर शंका घेत होते, आणि पंतप्रधान म्हणाले की राजन यांची देशभक्ती कोणापेक्षाही कमी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची जाहीर मुलाखत घेतली. एका पक्षाच्या अध्यक्षाने दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाला प्रश्न विचारायचे म्हणजे कौतुकसोहळाच, असं वाटलं होतं आणि बराचसा तो तसा झालाही. पण आरक्षण आर्थिक निकषावर असावं असं मत पवारांनी तिथे मांडलं आणि त्याचा खुलासा करण्यात पुढचे दिवस गेले. शिवसेनेचं (आता ठाकरे गटाचं) मुखपत्र असलेल्या 'सामना'त पक्षाचे खासदार संजय राऊत पक्षप्रमुख उद्धव ठाकरेंची मुलाखत घेतात तेव्हा उलटा प्रश्न येणार नाही हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. तरी आघाडीतल्या भागीदारांनी ती बारकाईने वाचलेली असते, कारण काय बोललं गेलं यावर पुढचे डाव ठरतात. राजकारणी मंडळी मुलाखत अशीच वाचतात. आपण प्रेक्षक मात्र कपडे, सूर आणि हजरजबाबीपणा पाहत बसतो.

काही मुलाखतींतून मात्र खरंच काही निघत नाही. एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना अक्षय कुमार यांनी पंतप्रधानांची 'बिगरराजकीय' मुलाखत घेतली, तिच्यातला आंब्याचा प्रश्न तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. जानेवारी २०२३ मध्ये भारत जोडो यात्रेदरम्यान राहुल गांधींनी एका यूट्यूब वाहिनीशी जेवणाखाण्याच्या आणि लग्नाच्या गप्पा मारल्या. अशा गप्पा माराव्यात, नेत्यांनाही आवडीनिवडी असतात. फक्त त्यावर 'किती सहज, किती माणसासारखा' असा शेरा देताना आपण मूल्यमापन करतो आहोत असं समजू नये. ती जाहिरात आहे आणि जाहिरात म्हणून ती चांगली असू शकते.

सहजपणा हा गुण आपल्याला इतका का भुलवतो याचं उत्तर बहुधा आपल्या डोळ्यांतच आहे. अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अमेरिकी उमेदवारांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून यातला कर्तबगार कोण वाटतो, एवढंच विचारलं होतं. सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत कर्तबगार वाटलेला चेहराच जिंकलेला होता. म्हणजे नेता तोंड उघडायच्या आधीच आपला बराचसा निकाल लिहून झालेला असतो. दुसरा अभ्यास १९८५ चा, स्टॅनफर्डमधला. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडावरच्या त्याच त्या बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या, तर वाहिन्या आपल्याच बाजूवर अन्याय करताहेत असं दोन्ही गटांना वाटलं. कोणत्याही मुलाखतीनंतर पत्रकार विकला गेलेला आहे असं दोन्ही पक्षांचे लोक एकाच वेळी म्हणत असतील तर त्यात नवल नाही.

आता केनेडी-निक्सन यांच्या १९६० च्या चर्चेची कथा इथे सांगण्याचा मोह कुणालाही होईल. रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, ही ती कथा. तिचा आधार फारच तुटपुंजा आहे, एका पाहणीतले रेडिओवाले श्रोते इतके थोडे होते की त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी ती साठ वर्षं सांगितली जाते, कारण ती सोयीची आहे.

भारतात याला भाषेची एक जास्तीची गाठ आहे. आपल्या इंग्रजी वाहिन्यांवर नेत्याला इंग्रजीत प्रश्न विचारले जातात, आणि ज्याने शाळा दुसऱ्या भाषेत केली त्याचा थांबा हा बऱ्याचदा शब्द शोधण्याचा असतो, विचार शोधण्याचा नसतो. पाहणाऱ्याला दोन्ही थांबे सारखेच दिसतात. याच्या उलटही घडतं: अस्खलित इंग्रजीत सांगितलेली पोकळ गोष्ट आपल्याला अभ्यासपूर्ण वाटते. दक्षिणेतले किती मुख्यमंत्री हिंदी येत नाही म्हणून 'राष्ट्रीय' वाहिन्यांच्या लेखी दुय्यम ठरले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. क्लेमेंट अ‍ॅटली यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात भारत स्वतंत्र झाला, त्यांच्याच सरकारने १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. कॅमेऱ्यासमोर हे गृहस्थ एकेका ओळीत उत्तर देत, आणखी काही सांगायचंय का म्हटलं तर 'नाही' म्हणून गप्प बसत. आजच्या आपल्या मापाने ते पहिल्याच फेरीत बाद.

मला एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावासा वाटतो. मतदार म्हणेल की शब्द काय, ते तर जाहीरनाम्यातही असतात. टीव्हीवर मला माणूस पाहायचा आहे, दबावाखाली तो चिडतो का, खोटं बोलतो का, समोरच्याचा अपमान करतो का. २००४ मध्ये बीबीसीच्या 'हार्डटॉक इंडिया'मध्ये मुख्यमंत्री जयललिता मुलाखत संपताना थापर यांना 'तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही' असं सांगून उठल्या, त्यातून सत्तेतल्या माणसाला प्रश्न कसा वाटतो हे कळलंच की. खरं आहे. स्वभाव दिसतो आणि तो पाहावा. पण एका बैठकीत दिसलेला स्वभाव हा पत्रकाराला दाखवलेला स्वभाव असतो. सचिवाने नको असलेला अहवाल टेबलावर ठेवल्यावर काय होतं, ते कॅमेऱ्यात येत नाही. स्वभावासाठी त्याच माणसाच्या चार वर्षांतल्या चार मुलाखती पाहाव्या लागतात, आणि एवढा वेळ क्लिप पाहून मत बनवणाऱ्याकडे नसतो.

क्लिपवरून आठवलं: आपण जे पाहतो ते नेहमी मुलाखत असतंच असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या सीबीएसवरच्या मुलाखतीत इस्रायलबद्दलच्या एकाच प्रश्नाच्या उत्तराचे दोन वेगवेगळे भाग दोन कार्यक्रमांत दाखवले गेले. ट्रम्प कोर्टात गेले आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने एक कोटी साठ लाख डॉलरवर तडजोड केली. तो दावा कायद्यापुढे टिकला असता असं मला वाटत नाही. पण पूर्ण लेखी संहिता पहिल्याच दिवशी प्रसिद्ध करायचा नियम वाहिन्यांनी पाळला तर असल्या संशयाला जागा राहत नाही. टाइम्सने २०१४ च्या राहुल गांधींच्या मुलाखतीची संहिता छापली होती. ती आजही वाचावी. आवाज आणि चेहरा बाजूला झाले की टाळाटाळ आणखी ठळक होते आणि जे थोडं बोललं गेलं तेही.

शेवटी राहतात ते मुलाखतीला न येणारे. ३ जानेवारी २०१४ ला मनमोहन सिंग यांनी पत्रकार परिषद घेतली, खालच्या आवाजात, कोणताही नाट्यमय क्षण न देता. तिसऱ्यांदा पंतप्रधान होणार नाही हे सांगितलं, मोदी पंतप्रधान झाले तर ते देशासाठी घातक ठरेल असं म्हणाले, इतिहास माझ्याशी अधिक दयेने वागेल अशी आशाही व्यक्त केली. त्या दिवशी त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांनी मुलाखती पुष्कळ दिल्या, पण देशात सगळ्या पत्रकारांना खुली, हवा तो प्रश्न विचारता येईल अशी पत्रकार परिषद घेतली नाही. १७ मे २०१९ ला दिल्लीत पक्षाच्या पत्रकार परिषदेत ते हजर होते, प्रश्न मात्र अमित शहांनी घेतले. चेष्टा ज्याची झाली तो समोर आला होता.

ब्रिटनमध्ये २०१९ च्या निवडणुकीत हेच अधिक लख्ख दिसलं. नोव्हेंबरच्या अखेरीस अँड्र्यू नील यांनी बीबीसीवर मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना घाम फोडला. पक्षातल्या ज्यूद्वेषाबद्दल ज्यू समाजाची माफी मागणार का, हे चारदा विचारलं आणि कॉर्बिन यांनी चारही वेळा टाळलं. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं त्यानेच भरली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नील यांच्यासमोर बसणंच टाळलं. ५ डिसेंबरला नील यांनी कॅमेऱ्याकडे पाहून, जॉन्सन आले असते तर काय काय विचारलं असतं याची यादी वाचून दाखवली. विश्वासार्हतेपासून सुरुवात केली. लाखोंनी ती पाहिली, वाहवा केली. एका आठवड्याने, १२ डिसेंबरला, जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने निवडून आले. कॉर्बिन यांच्या त्या अर्ध्या तासाची चिरफाड अजून होते, आणि जॉन्सन यांच्या नावावर चिरफाड करायला अर्धा तासच नाही.